एक महिना खाली, एक महिना वर

माणसं जमिनीच्या वाटण्या करतात, भांड्यांच्या करतात, फार तर देवांच्या करतात. आमच्या घरात सासूची वाटणी झाली. एका अमावस्येपासून दुसऱ्या अमावस्येपर्यंत खाली आमच्याकडं, मग पुढचा महिना वर धाकट्याकडं. धायरीत हिंडून बघा, अशी आणखी चार घरं सापडतील. मला लाज वाटायची ती पहिल्या दोन महिन्यांत वाटून संपली.

मी द्वारका, थोरली सून. चौथी शिकलेली, तोंडानं फटकळ. आधीच सांगून टाकते, म्हणजे मागून कुणी बोलायला नको. आमचे मालक संपत, धाकटे दीर पृथ्वीराज आणि त्यांची बायको निशा. निशा बिबवेवाडीची, बी.कॉम. झालेली. सासूला आमच्यात आत्या म्हणतात, आमच्या आत्याचं नाव मथुराबाई. निशा मात्र त्यांना आई म्हणायची, शहरातल्यासारखं.

तिकडं हिंजवडीला कंपन्या उभ्या राहिल्या आणि त्या कंपन्यांतल्या पोरांना राहायला आमचा मळा लागला. बिल्डरनं कबूल केलं होतं की सोसायटीच्या गेटवर सासऱ्यांचं नाव लावू, सोनबानगर म्हणून. शेवटच्या कागदावर भावजींनी सही केली आणि ते नाव त्या कागदात नव्हतंच. गेटवर झळकलं काहीतरी इंग्रजी, अजून माझ्या जिभेला वळत नाही. मालक म्हणाले, तू बापाला विकलंस. भावजी म्हणाले, तुला वाचता येत होतं ना, मग तू का नाही वाचलंस? झालं. सोसायटीला लागून बंगला एकच, मजले दोन, वरच्याला बाहेरून जिना, आणि दोघा भावांचं तोंड दोन दिशांना. नवरे बोलत नाहीत म्हटल्यावर बायका कशा बोलणार? खोटं कशाला सांगू, मला तर बरंच वाटलं. निशाचं ते 'जाऊबाई, एक सुचवू का' ऐकून माझे कान किटले होते.

आत्याला विसर पडायला लागला तो त्यानंतरच्या वर्षी. आधी नावं विसरली, मग दिवस. पण खरा तमाशा संध्याकाळी. दिवे लागले की म्हातारी काठी घेऊन उठायची. "ही कोण बया घरात शिरली? हाकला हिला!" कोण बया ते आम्हाला काही दिसायचं नाही. समजवायला जावं तर अंगावर यायची. एकदा मालकांच्या मनगटाला कडकडून चावली. एकदा सोसायटीच्या वॉचमनला तांब्या फेकून मारला. सोसायटीतल्या लोकांनी आम्हाला चिठ्ठी पाठवली, चांगली टाइप केलेली, 'आपल्या घरातील ज्येष्ठ व्यक्तीस आवरावे' अशी.

मी तिला कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी एक बारीक पांढरी गोळी दिली. "संध्याकाळी एक. डोकं शांत राहील. पंधरा दिवसांनी परत दाखवा," म्हणाले.

आणि काय सांगू, घर गप्प झालं! आत्या जागेवर बसून राहायची, दिलं ते खायची, निजवली की निजायची. मी देवापुढं साखर ठेवली.

पंधरा दिवसांनी दाखवायचं होतं, पण मध्ये अमावस्या आली आणि आत्या वर गेली. आता वरच्यांचा महिना, दाखवतील ते. मी तिच्या पिशवीत दोन लुगडी, कवळी आणि गोळ्यांचं पाकीट ठेवलं. सांगायला काही वर गेले नाही. पाकीट दिसेल की, आंधळी थोडीच आहे बी.कॉम.वाली!

महिन्यानं आत्या खाली आली, तेव्हा पिशवीत दोन पाकिटं. एक माझ्या पांढऱ्या गोळ्यांचं, एक नव्या गुलाबी गोळ्यांचं. निशानं तिला सिंहगड रस्त्यावरच्या आपल्या डॉक्टरांना दाखवलं होतं तर. वरचं इंग्रजी मला काही लागलं नाही. मनात आलं, वर जाऊन विचारावं ही कशाची म्हणून. पण मीच का जिना चढायचा? आणि नाही दिली, नि म्हातारीला काही झालं, तर वरची गावभर सांगत सुटेल की खालचीनं गोळ्या चुकवल्या. मी दोन्ही द्यायला लागले. एक दिवस चुकवलं नाही. औषधाच्या बाबतीत कुणी बोट दाखवायला नको, हा माझा हिशेब.

आठ महिने असेच गेले. एक महिना खाली, एक महिना वर, पिशवी खाली, पिशवी वर.

आत्या आखडत गेली. पाऊल उचलेना, फरफटत ओढायला लागली. तोंडातून लाळ गळायची. चेहऱ्यावर हसू नाही, राग नाही, काही नाही. हात गुडघ्यावर ठेवला तर तिथंच राहायचा. घास भरवावा लागायचा, आणि भरवला तर ठसका. लोक म्हणायचे, वय झालं, चालायचंच. आम्हीही तेच म्हणायचो. एकदा न्हाणीत पडली, नशीब हाड मोडलं नाही.

पौषाच्या अमावस्येला तिला वर न्यायचं होतं. खुर्चीत बसवून दोघं भाऊ उचलायला आले, तर चौथ्या पायरीवर खुर्ची कलली, आत्या घसरली. तिला परत खाली आणली. आणि मग तीन वर्षांत पहिल्यांदा दोघं भाऊ एकमेकांशी बोलले.

"अशानं नाही जमायचं," भावजी म्हणाले.

"वाघोलीला वृद्धाश्रम हाय म्हणत्यात, नर्सा-बिर्सा असत्यात," मालक म्हणाले.

"फोन करतो मी."

एवढंच बोलले. तीन वर्षांनी तोंडं उघडली, ती आईला घालवायला. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

तुम्ही म्हणाल, हिला एवढं काय? सांगते. लग्नाला सात वर्षं होऊन माझी कूस उजवेना, तेव्हा भावकीतले आप्पासाहेब बैठक घेऊन बसले होते, संपतला दुसरी करा म्हणून. मी चुलीपाशी बसून ऐकत होते. आत्या बाहेर गेली आणि सगळ्या पुरुषांसमोर म्हणाली, "माझी सून काय बाजारातली म्हैस हाय व्हय, दूध देईना म्हून बदलायला? चहा पिला असंल तर उठा." नंतर दोन लेकरं झाली मला. पण नसती झाली तरी ह्या घरात मी राहिले असते, ते त्या बाईमुळं. आणि तिला मी वाघोलीला सोडून यायचं? देवानं विचारलं तर काय सांगू, जिना उभा होता म्हणून?

पण मालकांपुढं माझं काही चाललं नाही. आश्रमात जागा मिळाली. घ्यायच्या आधी तिथल्या डॉक्टर तपासणार होत्या आणि म्हणाल्या, आजींना रोज औषध देणारं माणूस बरोबर आणा. देणाऱ्या दोघी. मग काय, भावजींच्या गाडीत मागं आम्ही दोघी आणि मध्ये आत्या. धायरी ते वाघोली, अख्खं पुणं ओलांडून जायचं, आणि दीड तासात आम्ही एक शब्द बोललो नाही. ड्रायव्हर बिचारा आरशातून बघून घाबरलेला. आत्याची मान कधी माझ्या खांद्यावर पडायची, कधी निशाच्या.

डॉक्टर पूर्वा तरुण होत्या, पस्तिशीच्या. त्यांनी आत्याचा हात कोपरात हलवून बघितला. तो गंजलेल्या बिजागरीसारखा अडत अडत वळला. मग म्हणाल्या, "काय काय औषधं चालू आहेत?"

मी पिशवीतून दोन्ही पाकिटं काढून टेबलावर ठेवली. त्यांनी एक उचललं, मग दुसरं उचललं. दोन्ही शेजारी धरली.

"ही दोन्ही देता?"

"रोज," मी म्हणाले. "आठ महिने झाले, एक दिवस चुकवत नाही."

"मीपण," निशा म्हणाली. "पांढरी खालून येते, गुलाबी आमची."

"ह्या दोन्हींत एकच औषध आहे," डॉक्टर म्हणाल्या. "कंपन्या दोन, नावं दोन. आजींना आठ महिने दुप्पट मिळतंय."

निशानं पाकिटं ओढून घेतली आणि खालची बारीक अक्षरं वाचली; दोन्हींवर नाव तेच. मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसले होते एवढं आठवतं.

डॉक्टरांनी आवाज चढवला नाही. म्हणाल्या, भास होतात, माणूस अंगावर धावतं, तेव्हा हे औषध कधीकधी द्यावं लागतं. पण स्मृती गेलेल्या म्हाताऱ्या माणसाला अगदी थोडं द्यायचं, थोडेच दिवस, आणि मध्ये मध्ये तपासत. नाहीतर अंग आखडतं, माणूस पडतं, गिळताना ठसका लागतो, जिवावरही बेततं. "परत दाखवायला सांगितलं नव्हतं का?"

"सांगितलं होतं," मी म्हणाले. "पण तेव्हा त्या वर होत्या."

"आणि मला वाटलं, खालचे दाखवत असतील. आमच्या डॉक्टरांना पांढरी दाखवायचं सुचलंच नाही," निशा म्हणाली.

"वर? खाली?" डॉक्टरांना काही कळेना. मग निशानं सगळं सांगितलं, अमावस्या, जिना, पिशवी. ऐकताना मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. कुणी वाईट नव्हतं हो. कुणाच्या मनात पाप नव्हतं. बोललो असतो तर दोन मिनिटांचं काम होतं.

"आणि दर महिन्याला जागा बदलता?" डॉक्टर म्हणाल्या. "झोपायची जागा, न्हाणी, माणसं, सगळं? त्यानं धडधाकट माणूसही गोंधळेल."

"ह्या बऱ्या होतील का?" मी विचारलं.

"विसरणं जाणार नाही. त्याची आशा ठेवू नका. पण हे आखडणं बरंच सुटू शकतं. मी सांगेन तसं गोळी हळूहळू उतरवायची. आपल्या मनानं एकदम बंद करायची नाही. रक्त-लघवी तपासून घेऊ, कान बघू. आणि संध्याकाळी त्या चिडल्या तर कशानं चिडल्या ते शोधा. त्यांना सांगता येत नाही, पण कारण असतं."

परतीच्या वाटेवर पुलापाशी गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली. निशा खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "आई खालीच राहू देत."

"आणि तू?"

"मी येईन खाली. एक महिना सगळं मी करीन, एक महिना तुम्ही. जिना मला चढता-उतरता येतो, त्यांना नाही."

बोलायची पद्धत तीच, कुणीतरी हिशेब समजावून सांगावा तशी. पण मला रडू फुटलं. आत्याच्या मांडीवरून हात घालून मी तिचा हात धरला, तिनं तो काढून घेतला नाही.

भावांचं मन वळवणं सोपं नव्हतं. मालक म्हणाले, गोळी कमी केली की परत चावायला लागंल. शेवटी ठरलं ते असं, की फाल्गुनाच्या अमावस्येपर्यंत बघायचं. तेव्हा फरक नसेल तर पाडवा झाला की वाघोली. तिथली जागा भावजींनी धरून ठेवायला सांगितली. दोन महिने होते आमच्याकडं.

आता आमच्यात सगळं आलबेल झालं असं समजू नका. पहिल्याच आठवड्यात भांडलो. निशा भिंतीवर तक्ते लावायची, मी म्हणायचे, इथं काय बँक उघडलीय? पण गोळी कितीची, कधी, कुणी दिली, हे एकमेकींना सांगितल्याशिवाय चालतच नव्हतं. बोलायची सवय लागली, आधी आत्याबद्दल, मग दुधवाल्याबद्दल, मग नवऱ्यांबद्दल. नवऱ्यांबद्दल तर आमचं भलतंच जुळलं.

गोळी उतरली तशा संध्याकाळी परत जड जायला लागल्या. आत्याला काठी धरवत नव्हती, पण पुटपुटायची, "ती बया आली. आली बघ." मी तिला गप्प करायला गेले की जास्तच कासावीस व्हायची. एका संध्याकाळी निशा तिच्या शेजारी जाऊन बसली, तिच्याच उंचीला मान करून, आणि ती बघते तिकडंच बघत राहिली. मग मला हाक मारली.

"जाऊबाई, इथं बसा. समोर बघा."

समोर आमची मोठी खिडकी, बंगला बांधताना हौसेनं बसवलेली, छतापासून जमिनीपर्यंत काच. बाहेर अंधारलं होतं, आत ट्यूब लागलेली. काचेत लख्ख दिसत होती एक म्हातारी, आमच्याकडं टक लावून बघणारी.

अगं माझे आई! ती बया म्हणजे ती स्वतःच होती. रोज संध्याकाळी एक अनोळखी म्हातारी घरात येऊन उभी राहायची, आणि आम्ही तिला म्हणायचो, कुणी नाही, गप बस. तिला काय वाटलं असेल? त्या दिवसापासून दिवा लावायच्या आधी पडदा ओढायचा, हा घराचा नियम झाला. पडदा नव्हता, तर मी माझं जुनं नऊवारी टांगलं. निशा म्हणाली, इंटिरियर छान दिसतंय. दिसू दे.

चार-पाच संध्याकाळी गेल्या आणि बया यायची थांबली. लाळ कमी झाली. मान वर राहायला लागली. पण हात काही उठेना. महिना झाला, दीड झाला. डॉक्टर म्हणाल्या, वेळ लागतो. पण वेळच तर नव्हता.

फाल्गुनाची अमावस्या आली. संध्याकाळी दोघं भाऊ आईला बघून ठरवणार होते. मालक आत सतरंजीवर बसले. भावजी उंबऱ्याबाहेर उभे, त्या भांडणापासून त्यांनी खालच्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. आईला न्यायला यायचे तेही दारातूनच. निशा आत्याच्या मागं उभी. मी वरणभात कालवून चमचा घेऊन बसले. एकच डोक्यात, ठसका न लागता चार घास गेले पाहिजेत, ह्यांना दिसलं पाहिजे.

आत्यानं एक घास घेतला. दुसऱ्याला तोंड फिरवलं.

"घ्या ना आत्या," मी म्हणाले आणि चमचा ओठाला लावला. तिनं मान हलवली. मी परत लावला. घाई माझीच झाली होती. परत लावला, जरा दाबूनच.

फाडकन् माझ्या गालावर बसली. चमचा उडाला, वरणभात भिंतीवर. कान नुसता गुंईऽऽ करायला लागला.

"बघितलंस?" मालक ताडकन उठले. "परत सुरू झालं! मी सांगत हुतो. गोळी वाढवा, नाहीतर उद्याच्या उद्या गाडी काढ, पृथ्वी."

मी गाल धरून बसले होते, आणि मला हसू येत होतं का रडू, माझं मलाच कळत नव्हतं.

"अहो, हात बघा तिचा!" मी ओरडले. "गुडघ्यावरनं माझ्या गालापर्यंत आला की हो! दोन बोटं वर उचलत नव्हता तो हात! आणि जोर बघा, जोर!"

"मी काय तान्ही हाय?" आत्या म्हणाली. आवाज घोगरा, पण रागाचा, अस्सल तिच्या रागाचा. आठ-दहा महिन्यांत तो राग कुणी ऐकला नव्हता. "चमच्यानं भरवतीया. भाकर कुठाय माझी?"

निशा धावत गेली आणि तव्यावरची भाकरी घेऊन आली. ताटात ठेवली, वर आमटी ओतली. आत्याची बोटं थरथरत होती. पण भाकरी तिनं स्वतः मोडली, स्वतः कुस्करली आणि घास तोंडाशी नेला. अर्धा सांडला. अर्धा गेला. मग दुसरा. मालक उभेच होते, तोंड उघडं टाकून.

तिसऱ्या घासाला आत्यानं मान वर करून निशाकडं बघितलं. नीट निरखून बघितलं, आणि मग मला विचारलं, "ही कोण गं?"

निशानं ओठ चावला. पाळी असो-नसो, दोन महिने ती ह्या बाईची वेणी घालत होती, तिला न्हाऊ घालत होती. मी म्हणाले, "धाकटी सून आहे तुमची, निशा."

"मग उभी का? जेवणाच्या टायमाला माणसाला उभं ठिवायचं असतं व्हय? वाढ की तिला."

खालच्या घरात तीन वर्षांत निशानं अन्नाला हात लावला नव्हता. पाणीसुद्धा वर जाऊन प्यायची, अगदी ह्या दोन महिन्यांतही. ती मटकन खाली बसली आणि पदरात तोंड घालून हुंदके देऊन रडायला लागली. मी ताट घेतलं, भाकरी वाढली, आमटी वाढली, कांदा फोडून ठेवला. "जेव गं," मी म्हणाले, "नाहीतर तुलाही बसेल एक." ती रडता रडता हसली आणि तिनं घास घेतला.

दारातून भावजी म्हणाले, "मग वाघोलीला काय सांगू?"

"सांगा, आई जेवतायत," निशा तोंडातल्या घासासकट म्हणाली.

भावजींनी तिथंच उभं राहून फोन लावला. "जागा दुसऱ्या कुणाला द्या," असं दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा जरा मोठ्यानं. मग फोन खिशात ठेवून ते तसेच थांबले. आत्या आपल्या ताटात बघून भाकरी कुस्करत होती.

भावजींनी चपला काढल्या आणि आत आले. मालक परत सतरंजीवर बसले. जरा सरकून त्यांनी जागा केली.